बांगडीवालीच्या बोटांना कळलं ते

ताई, तुझ्या पुण्यानुमोदनाला मायनं भाऊजींना तुझ्या फोटोला फूल वाहू दिलं नाही. विहार गच्च भरला होता. भंतेजींचं बोलणं संपलं, माणसं एकेक करून उठायला लागली, भाऊजी मुठीत शेवंतीची दोन फुलं धरून पुढं आले आणि माय बसल्या जागेवरून कडाडली, "यानं हात लावाचा नाई! यानंच माही पोरगी फवारणीत नेऊन मारली."

कुणी मायला आवरलं नाही. भाऊजींनी फुलं तिथंच सतरंजीवर ठेवली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि निघून गेले. तुझा नवरा, बारा वर्षं ज्यानं आपल्या मायला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, कधी वर आवाज केला नाही, तो माणूस. आणि मी दुसऱ्या रांगेत बसून होते. डॉक्टरांनी सगळ्यांना मेंदूखालची गाठ म्हणून सांगितलं होतं, पण मायच्या मते ती गाठ फवारणीच्या औषधानंच झाली. तसं काही नसतं हे छातीठोक सांगू शकणारी त्या विहारात एकच बाई होती, जिनं ह्याच गाठीच्या अभ्यासात सात वर्षं घालवली. ती तोंडात गुळणी धरून बसली होती. कारण तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की सुजाता, मग तुले कवा समजलं?

हा प्रश्न तूही मला विचारला होतास, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. ते खोटं तू सोबत घेऊन गेलीस याचा मला इतका संताप येतो, की भिंतीवर डोकं आपटावं वाटतं. म्हणून हे लिहिते आहे. तुझी स्तुती करायला लिहीत नाही. ती विहारात पुष्कळ झाली, आणि त्यातली निम्मी तुला जन्मभर टाकून बोलणाऱ्यांनी केली.

तू नागपूरला माझी लॅब पाहायला आलीस ते आठवतं? राळेगावहून पहिल्या यष्टीनं आलीस, पिशवीत तिळाची चटणी आणि वाळकं. दारात बाहेरच्या चपला काढून आतल्या रबरी घालायच्या असतात. बायकांच्या एकाही जोडीत तुझा पाय मावेना. शेवटी तू आमच्या सरांच्या चपला घातल्यास आणि हसून म्हणालीस, "माहे पाय म्हशीवानी झाले वं." मीही हसले. तेव्हा खरंच काही डोक्यात आलं नाही, एवढं तरी तू माझ्या बाजूनं धर.

तुला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तुला आधी काहीच दिसेना, मग एकदम दिसलं. "बाप्पा! जवारीच्या दाण्यावानी हायेत." मी सांगितलं, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पियूषिका. अंगातल्या बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. उंची, दूध, पाळी, सगळ्यांची संप्रेरकं तिथून सुटतात किंवा तिथून हलवली जातात. कधी तिच्यातल्या पेशी ऐकेनाशा होतात, वाढतच जातात, त्याची गाठ होते. ह्या पेशी एका उंदराच्या तसल्या गाठीतल्या. "उंदीर कुठी हाय?" म्हणालीस. उंदीर कधीचाच मेला, पण पेशी तेव्हापासून तबकडीत वाढवतात. तू डोळा बाजूला केलास. "उंदीर मेला अन् गाठ जित्ती? हे काई बरं नाई दिसत."

मग त्यांना खायला काय घालतेस म्हणून विचारलंस, आणि मी बावळटासारखं खरं सांगून टाकलं, की वासराच्या रक्तातलं पाणी. झालं! जेवतानाही तू तेच धरून बसलीस. "वासराचं रक्त गाठीले पाजते अन् विहारात पंचशील म्हणते. हे कसं काय जमते तुले?" मी वैतागून म्हटलं, उद्या ह्यातून माणसं वाचतील. तू विचारलंस, कधी. मी म्हटलं, वेळ लागतो ताई, वीस वर्षं म्हण, तीस म्हण. तू भात कालवत शांतपणे म्हणालीस, "तवरोक माणूस थांबून राहते काय?" तो वाद तू जिंकलीस, एकदाची खूश हो.

पण एक गोष्ट तुला पटकन कळली होती. माझं सगळं काम त्या एका गोष्टीवर होतं. अंगाला जखम झाली, ताप आला, की आपल्या राखणदार पेशी काही प्रथिनं सोडतात. ती निरोप्याचं काम करतात. त्यातलं एक इंटरल्युकिन. हा निरोप पियूषिकेच्या निरोगी पेशीला पोचला, की ती वाढ आवरते. तोच निरोप गाठीच्या पेशीला पोचला, की ती चेकाळल्यासारखी वाढते. असं का होतं, आणि त्यात संप्रेरकं मिसळली तर काय होतं, हे मी तबकड्या मांडून पाहत होते. एका तबकडीत बायकांचं संप्रेरक घाल, एकीत वाढ रोखणारं घाल, एकीत नुसतं इंटरल्युकिन, एकीत दोन्ही. रोज मोजायचं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे मायनं दोघींले एकच सांगतलं, हळू बोला. मी गप्प बसली अन् तू अजून बोंबलली. त्यातली गाठ तूच मंग!" पूर्ण लॅबला ऐकू गेलं. आमचे सर पोट धरून हसले आणि पुढं वर्षभर विद्यार्थ्यांना शिकवताना तुझंच उदाहरण देत होते.

तुला एक कधी सांगितलं नाही. माझ्या तबकड्यांना कधी बुरशी लागली नाही. बाकीच्यांची महिनोन्महिन्यांची मेहनत वाया जायची, माझी नाही. सर म्हणायचे, हिचा हात स्वच्छ आहे. हात तुझा होता. पऱ्हाटीच्या ओळीत उभं करून तू मला शिकवलं होतंस, तीन बोटांनी बोंडातला कापूस असा ओढायचा, की वाळका पाला चिकटता कामा नये. पाल्याचा एक तुकडा आला तरी माझ्या पाठीत धपाटा. "कचरा येऊ देऊ नको, सुजे." मी थेंब मोजून सोडायची नळी, पिपेट, धरायची ती त्याच तीन बोटांत. हे तुझ्या तोंडावर म्हणायला काय जात होतं माझं? पण तू शेफारशील म्हणून म्हटलं नाही.

आता यंदाच्या पावसाळ्याचं. कापसाच्या ह्या वाईट वर्षांत आपल्या जिल्ह्यात कुणाचं काहीही दुखलं, तरी कारण कापूसच असायचं. कागद घेऊन सरकारी टीमा यायच्या. झोप येते का, जेवण जाते का, जगावं वाटते का? तू सांगितलंस, डोकं दुखते. त्यांनी लिहिलं, ताण. दुसऱ्या टीमलाही तू डोकंच सांगितलंस, तेव्हा नवरा मारतो का म्हणून विचारलं. तू त्यांना हाकललंस आणि मला फोन करून पंधरा मिनिटं शिव्या दिल्यास. "डोकं माहं हाय, तर डोक्याचं विचारा ना बाप्पा! नवऱ्याचं कायले विचारता?"

मग फवारणीच्या औषधानं माणसं आजारी पडायला लागली. कुणाला घाम सुटायचा, कुणाच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची, कुणी दवाखान्यातून परत आलंच नाही. घरोघर धास्ती होती. तू भाऊजींच्या पंपात पाणी भरून द्यायचीस, तेवढंच तुझं फवारणीतलं काम. पण तुला घाम सुटत होता, डोकं ठणकत होतं, दिसायला अंधुक झालं होतं. सगळं जुळत होतं. डॉक्टरांनी विषबाधा म्हणून सलाईन लावलं. दोन दिवसांनी तू मला फोन केलास. "सुजे, सलाईननं काई फरक नाई. डोये तसेच हायेत. काय असीन वं?"

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "फवारणीचंच आहे ताई. तोंडाला रुमाल बांध, साबणानं अंघोळ कर, पंधरा दिवसांत जाईल." समोर बाकावर माझ्या तबकड्या होत्या. त्यांत वाढसंप्रेरक सोडणाऱ्या, पियूषिकेच्या गाठीच्या पेशी होत्या. आणि मी तुला साबण सांगितला.

वेचणी सुरू झाली आणि तू बोंडं सोडायला लागलीस. गावातली सगळ्यात चपळ वेचणारी तू. तुझ्या ओळीत मागं बोंड राहिलं तर लोक अपशकुन मानतील, असं माय म्हणायची. पण आता तुझ्या ओळीत समोरचा कापूस वेचलेला असायचा, आणि दोन्ही अंगांना पांढरंशुभ्र तसंच लटकत असायचं. बायकांनी चिडवलं, मग भांडल्या, की वंदनाबाई पुढं पुढं जाते अन् आमाले मागचं वेचाले लावते. तू रडलीस म्हणे. तुला बाजूचं दिसतच नव्हतं, ताई. खालून गाठ वाढत वाढत डोळ्यांच्या नसांना टेकली होती. तशी टेकली, की आधी दोन्ही कडांचं दिसणं जातं. मी हे परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. भाऊजींनी फोनवर बोंडांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी भाड्याची गाडी घेऊन आले आणि तुला नागपूरला स्कॅनला नेलं.

पण "तेव्हा कळलं" असं मी म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. मला दोन वर्षं आधी कळलं होतं.

मावशीच्या पिंकीचं लग्न. मांडवात बांगडीवाली बसली होती, पोतं पसरून. तुझा नंबर आला. तू सवयीनं माप सांगितलंस, "दोन-सहाच्या दे." तिनं हाताला साबण लावला, अंगठा आत दुमडला, दाबून पाहिलं, बांगडी तडकली. दोन-आठची काढली, तीही अडली. मांडवातल्या बायका खिदळायला लागल्या. कुणी म्हणालं, अंग भरलं, जवाई चांगलं खाऊ घालून राह्यले. कुणी म्हणालं, कापूस वेचून वेचून पंजा झाला. बांगडीवाली मात्र हसली नाही. तिनं तुझा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळीकडून चाचपला. म्हणाली, "मांस नाई वो हे. मांस दाबलं का दबते. हे हाड वाढलं हाय. एवढ्या वयाच्या बाईचं हाड वाढलेलं मी अजून पायलं नाई."

मी तुझ्या शेजारी बसले होते. मी तुझ्या हाताकडं पाहिलं. मग जबड्याकडं पाहिलं, तो पुढं आला होता. दातांत फटी पडल्या होत्या, नाक रुंद झालं होतं. आणि तो शब्द माझ्या डोक्यात आला. पूर्ण, स्पष्ट, इंग्रजी स्पेलिंगसकट आला. अ‍ॅक्रोमेगाली. वाढसंप्रेरकाची गाठ.

मी का बोलले नाही? लग्न होतं, मांडव होता, रोज गाठी पाहून मला जिकडंतिकडं गाठी दिसतात, अशी कारणं मी स्वतःला बरेच दिवस सांगितली. ती कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण त्यांतलं एकही नाही. बांगड्या भरायला बसायच्या जरा आधी तू सगळ्या बायकांत म्हणाली होतीस, "आमची सुजी उंदराच्या गाठीले रक्त पाजते, लग्न कराचं तिले सुचत नाई." सगळ्या हसल्या. चौतीस वर्षांची मी, पीएचडी होत आलेली, लाजेनं लाल झाले. आणि बांगडीवाली जेव्हा हाड म्हणाली, तेव्हा माझ्या मनात आलं, आता नाही सांगत जा. हसली होतीस ना? राहा मग. दोन दिवसांनी फोन करीन, असं ठरवलं. दोन दिवसांनी राग गेला आणि राग गेल्यावर शंकाही बारीक वाटायला लागली. मग प्रबंध आला, मग तोंडी परीक्षा आली. तू फोनवर नेहमीसारखी बोलायचीस, आणि मी ते मनात मागं मागं सारत गेले. पुढं तू डोळ्यांचं विचारलंस तेव्हा मी फवारणीला दोन्ही हातांनी धरलं, कारण फवारणी असली तर मी सुटत होते.

बांगडीवालीनं शेवटी तुला दोन-बाराच्या भरल्या, हिरव्या. तू हात वर करून सगळ्यांना दाखवल्यास.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू खाटेवर बसली होतीस. माझ्याकडं बघायला तुला अख्खी मान वळवावी लागत होती. म्हणालीस, "सुजे, खरं सांग. तुले कवा समजलं?" मी म्हणाले, "स्कॅन पाहिल्यावर." तू मान परत समोर वळवलीस. मग म्हणालीस, "नसीन समजलं तर बरंच हाय वं. समजून बसली असती, तर तुले लय जड गेलं असतं."

नाकातून गाठ काढली. ती काढली नीट. पण तिनं इतकी वर्षं जे संप्रेरक अंगात सोडलं, त्यानं हातपायच वाढवले नव्हते, तुझं काळीजही वाढवून ठेवलं होतं. ते चौथ्या दिवशी दमलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दोन वर्षं आधी आल्या असत्या तर..." मी त्यातलीच, पुढचं मला काय सांगायचं!

ह्या सगळ्याचं ओझं भाऊजींच्या डोक्यावर दिलं गेलं. माय त्यांच्याच घरात राहते, त्यांच्याच चुलीवर रांधते, पण तू गेल्यापासून तिनं त्यांना ताट वाढलं नाही. ते भावाकडं जाऊन चार घास खायचे. विहारातल्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले. ते बैलांना कडबा टाकत होते. मी तिथं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बांगडीवालीपासून साबणापर्यंत. म्हटलं, मी आता मायला सांगते.

त्यांनी कडबा टाकायचं थांबवलं नाही. हातातला कडबा संपल्यावर म्हणाले, "राहू दे. माय मले शिव्या देते म्हून दोन घास खाते. तुले शिव्या द्याले लागली, तर तिच्याजवळ कोन राह्यलं? एक पोरगी तर गेलीच."

ताई, ह्या माणसाला मी तुझ्यापाशी अडाणी म्हणाले होते, कितीदा तरी. मला तिथंच शेणात बसावं वाटलं. एक मिनिट मनात असंही आलं, की ते म्हणतात तर राहू द्यावं. हेही तुला कळू दे. मग मी स्वयंपाकघरात गेले.

माय तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं. गाठ फवारणीनं होत नाही, ती सहा-सात वर्षांपासून होती, मला दोन वर्षांपूर्वी मांडवात कळलं होतं. माय सोलत राहिली.

"दोन वर्सं?" म्हणाली.

"हो."

"अन् तू बोलली नाईस."

"नाही."

"काहून?"

"राग आला होता. तिनं माझं हसं केलं होतं, बायकांत."

मायनं हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे परातीत टाकले. उठली, हात धुतले, शिंक्यातल्या टोपलीचं झाकण काढलं. ताटात दोन भाकरी ठेवल्या, दाण्यांची आमटी वाढली, कांदा फोडून ठेवला, मिठाची चिमूट ठेवली. ताट माझ्या हातात दिलं.

"जवायाले नेऊन दे," म्हणाली. "मंग तू जाय नागपूरले. मी बोलवीन तवा ये."

मी ताट नेऊन दिलं. भाऊजींनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हात धुवायला गेले. मी तीनच्या यष्टीनं निघाले. त्याला आता दीड महिना झाला. भाऊजी आठवड्यातून एकदा फोन करतात, माय बरी आहे, जेवते, म्हणून सांगतात. मी दर वेळी विचारते, मायनं काही निरोप दिला का? ते म्हणतात, "अजून नाई."